मोठ्या मॉडेल विमानासाठी टर्बोप्रॉप: आधी प्रॉपेलर ठरवा, मग इंजिन

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. भारतीय हवाई दलाच्या पिलाटस पीसी-७ मार्क २ या प्रशिक्षण विमानाचे १:३.५ प्रमाणातील मॉडेल आपण बांधत आहात. पंखांचा विस्तार सुमारे २.९ मीटर, पंखांचे क्षेत्रफळ १.३ चौरस मीटर, उड्डाणाच्या वेळचे अंदाजे वजन १८ किलो आणि धावपट्टी नाशिकजवळची, मुरूम दाबून केलेली, दीडशे मीटर लांबीची. ५ ते ६ किलोवॅटचे टर्बोप्रॉप (गॅस टर्बाइनच्या जोरावर प्रॉपेलर फिरवणारे इंजिन) पुरेल की १० किलोवॅटचे घ्यावे, आणि स्केलप्रमाणे येणारा २७ इंची, चार पात्यांचा प्रॉपेलर त्यावर चालेल का, हे आपल्याला हवे आहे.

प्रश्न इंजिनाचा वाटत असला तरी खरी अडचण प्रॉपेलरची आहे, आणि त्यातही ती टेकऑफपेक्षा लँडिंगच्या वेळी समोर येते. टर्बोप्रॉप घेणारे बहुतेक जण पूर्ण थ्रॉटलला किती थ्रस्ट (पुढे नेणारा जोर) मिळतो एवढेच पाहतात. माझ्या अनुभवात अशी विमाने शक्ती कमी पडल्यामुळे क्वचितच मोडतात. ती मोडतात ती उतरताना वेग न घटल्यामुळे, किंवा ऐन वेळी थ्रॉटल वाढवूनही शक्ती चार-पाच सेकंद उशिरा आल्यामुळे. म्हणून मी आधी प्रॉपेलर ठरवतो आणि मग तो फिरवू शकणारे इंजिन शोधतो.

यासाठी मॉडेलच्या टर्बोप्रॉपची रचना समजून घ्यावी लागते. जेटकॅट किंवा किंगटेकसारख्या उत्पादकांच्या टर्बोप्रॉपमध्ये दोन स्वतंत्र शाफ्ट असतात. मागे गॅस जनरेटर, म्हणजे एक छोटे जेट इंजिनच असते, आणि ते पूर्ण शक्तीला मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेते. त्याचा तप्त वायू पुढच्या दुसऱ्या टर्बाइनवर आदळतो आणि ते टर्बाइन गिअरबॉक्समार्फत प्रॉपेलर फिरवते. दोन्ही शाफ्टांमध्ये यांत्रिक जोड नसतो. त्यांना जोडणारा असतो तो फक्त वायू. पीसी-७ मार्क २ मधील प्रॅट अँड व्हिटनीचे पीटी६ए इंजिन याच तत्त्वावर चालते, त्यामुळे आपल्या मॉडेलला ही रचना शोभूनही दिसते. (एचएएल बनवत असलेल्या डॉर्नियर २२८ मधील टीपीई३३१ मात्र एकाच शाफ्टचे इंजिन आहे.)

मोठ्या विमानात आणि मॉडेलमध्ये एक फरक निर्णायक आहे. खऱ्या पीसी-७ चा प्रॉपेलर स्थिर आरपीएमवर (मिनिटाच्या फेऱ्यांवर) फिरतो आणि पात्यांचा कोन गरजेप्रमाणे बदलतो. वैमानिकाने शक्ती कमी केली की पाती आपोआप सपाट कोनाकडे येतात. मॉडेलमध्ये आपण एकच पिच (पात्यांच्या कोनानुसार एका फेऱ्यात प्रॉपेलर जितका पुढे सरकेल ते अंतर) निवडतो आणि टेकऑफ, उड्डाण व लँडिंग ही तिन्ही कामे त्याच पिचकडून करून घेतो. उड्डाणात पिच बदलणारी यंत्रणा मॉडेलसाठीही मिळते, पण पहिल्या टर्बोप्रॉपला ती लावू नये असे माझे स्पष्ट मत आहे, कारण इंजिन, गिअरबॉक्स आणि प्रॉपेलर या तिन्हींचा स्वभाव एकाच वेळी शिकावा लागतो आणि दोष कुठे आहे हे लवकर उमगत नाही.

आता हिशेब करू. प्रॉपेलर हवेत स्क्रूसारखा पुढे सरकतो असे मानले तर त्याचा सैद्धांतिक वेग, ताशी किलोमीटरमध्ये, इंचातील पिच गुणिले आरपीएम गुणिले ०.००१५२ इतका येतो. १२ इंच पिच आणि ६,३०० आरपीएम असेल तर हा वेग ताशी सुमारे ११५ किमी, १४ इंच पिचला सुमारे १३४ किमी. आपल्या विमानाचा स्टॉलचा वेग (ज्याच्या खाली पंखांची उचल तुटते), फ्लॅप सोडलेले असताना, ताशी ४७ किमीच्या आसपास येईल, त्याच्या १.३ पट म्हणजे ६० ते ६५ किमी हा लँडिंगसाठी येतानाचा वेग धरावा. प्रशिक्षण विमान शोभून दिसेल असा सरळ उड्डाणाचा वेग १०० ते ११० किमी पुरे आहे. म्हणजे १२ ते १४ इंच पिच या विमानाला योग्य आहे.

याच सूत्रात आता आयडलचा (थ्रॉटल अगदी खाली असतानाचा) आरपीएम घाला, कारण खरा उलगडा तिथे होतो. आयडलला गॅस जनरेटर बंद पडत नाही, त्यामुळे प्रॉपेलरही फिरतच राहतो. आयडलचा आरपीएम २,००० धरला तर १२ इंच पिचचा सैद्धांतिक वेग ३६ किमी आणि १४ इंचाचा ४३ किमी येतो. विमान ६० किमी वेगाने उतरत असेल तर असा प्रॉपेलर ढकलत नाही, उलट हवेला अडवतो, आणि उतार आपल्याला हवा तसा तीव्र मिळतो. आता वेगाच्या मोहाने २०×२२ चा (इंचांत, आधी व्यास, मग पिच) प्रॉपेलर लावला असे समजा. त्याचा आयडलचा वेग ६७ किमी येतो, म्हणजे उतरतानाही तो विमानाला पुढे ओढत राहतो. चाके आणि फ्लॅप सोडलेल्या १८ किलोच्या विमानाचा एकूण रोध त्या वेळी साधारण ३ किलो असेल, तर इंजिन बंद असताना उताराचा कोन सुमारे साडेनऊ अंश असतो. प्रॉपेलर आणि एक्झॉस्ट मिळून दीड किलो पुढे ढकलत असले तर तो कोन जवळजवळ निम्मा होतो. दीडशे मीटरच्या पट्टीवर हा फरक विमान पट्टीत थांबणे आणि शेजारच्या द्राक्षबागेत शिरणे यांतला असतो. पात्यांच्या वक्र छेदामुळे प्रत्यक्षातला शून्य थ्रस्टचा वेग सूत्रापेक्षा थोडा जास्त निघतो, म्हणून सूत्रातून येणारा आयडलचा वेग उतरण्याच्या वेगापेक्षा किमान १५ किमीने कमी असावा असे मी पाहतो.

जास्त पिचचा दुसरा तोटा टेकऑफला होतो. पिच व्यासाच्या जवळपास किंवा त्याहून मोठा असेल तर उभ्या विमानात पाती स्टॉल झालेली असतात. आवाज भरपूर येतो, पण ओढ कमी मिळते, आणि विमान अर्धी पट्टी संपल्यावर कुठे जोर धरते.

पिच ठरला की व्यासाकडे वळू. प्रॉपेलर किती शक्ती खातो हे ढोबळमानाने व्यासाच्या चौथ्या घाताप्रमाणे, पिचच्या पटीत आणि आरपीएमच्या घनाप्रमाणे बदलते. २४ इंचांवरून २६ इंचांवर गेलात तर त्याच आरपीएमला ३८ टक्के जास्त शक्ती लागते. म्हणून व्यासात एक इंचाचा बदलही मोठा मानावा. मोठ्या व्यासाचा फायदा खरा आहे. जमिनीवर उभे असताना ५.५ किलोवॅट शक्तीतून १८ इंची प्रॉपेलर हिशेबाने सुमारे साडेअठरा किलो थ्रस्ट देईल, तर २४ इंची सुमारे बावीस किलो. प्रत्यक्षात दोन्ही आकडे थोडे कमी येतात, पण त्यांतले अंतर कायम राहते. टोकाच्या वेगाचीही आपल्याकडे चिंता नाही. २४ इंची प्रॉपेलर ७,००० आरपीएमला फिरला तर टोकाचा वेग सेकंदाला सुमारे २२३ मीटर, म्हणजे ध्वनीच्या दोन-तृतीयांशाच्या आत राहतो. पेट्रोल इंजिनापेक्षा टर्बोप्रॉप कानाला सुखद वाटते त्यामागे हेही एक कारण आहे.

मग २७ इंची, चार पात्यांचा प्रॉपेलर का नको? माझ्या हिशेबाने १४ इंच पिच असलेला तसा प्रॉपेलर ५.५ किलोवॅटवर ४,४०० आरपीएमच्या आसपास अडकेल. पेट्रोल इंजिन अशा ओझ्याखाली तापते आणि घुसमटते. दोन शाफ्टांच्या टर्बोप्रॉपमध्ये गॅस जनरेटरला मात्र पुढच्या ओझ्याची फारशी जाणीव होत नाही. तो आपल्या वेगाने चालत राहतो, तापमानही ठीक दिसते, आणि म्हणूनच चूक लक्षात येत नाही. ताण जातो तो गिअरबॉक्सवर. ५.५ किलोवॅट ६,२०० आरपीएमला देताना शाफ्टवरचा टॉर्क (पिळाचा जोर) साधारण ८.५ न्यूटन-मीटर असतो. तीच शक्ती ४,४०० ला देताना तो १२ न्यूटन-मीटर होतो. पुढचे टर्बाइनही त्याच्या ठरलेल्या वेगापेक्षा हळू फिरल्यामुळे थोडी शक्ती वाया घालवते; ७० टक्के वेगाला आदर्श स्थितीतही सुमारे ९० टक्केच शक्ती हाती लागते. त्यात चार जाड पात्यांचे वजन आले की वळणावर आणि नाक वर-खाली करताना जायरोस्कोपिक बलही शाफ्टच्या बेअरिंगवर पडते. असा प्रॉपेलर दहा उड्डाणे चालेलही, पण मी त्यासाठी गिअरबॉक्सचे आयुष्य पणाला लावणार नाही.

उलट चूक याहून धोकादायक आहे. प्रॉपेलर फार लहान असेल तर पुढच्या टर्बाइनला रोखणारे काहीच उरत नाही आणि ते मर्यादेपलीकडे फिरते. त्यामुळे प्रॉपेलर न लावता इंजिन चालवून पाहणे, अगदी आयडललाही, पूर्णपणे वर्ज्य समजा. उत्पादकाने पुस्तिकेत प्रॉपेलरच्या आरपीएमची जी कमाल आणि किमान मर्यादा दिलेली असते तिच्या आत बसणारा व्यास आणि पिच हाच अंतिम निकष आहे. गिअरचे प्रमाण प्रत्येक इंजिनाचे वेगळे असल्याने माझे आकडे त्या मर्यादेपुढे गौण आहेत.

आपल्या विमानासाठी मी २३×१२ किंवा २२×१४ मापाच्या, तीन पात्यांच्या कार्बन प्रॉपेलरपासून सुरुवात करीन. ५.५ किलोवॅटच्या इंजिनावर असा प्रॉपेलर ६,००० ते ६,५०० च्या दरम्यान स्थिरावतो. चेक प्रजासत्ताकातील मेझलिकचे कार्बन प्रॉपेलर मी वापरले आहेत. जर्मनीतील रामोझर यांच्या व्हॅरिओप्रॉपमध्ये जमिनीवर असताना पात्यांचा कोन बदलता येतो, त्यामुळे ज्यांना पिच नेमका जुळवायचा आहे त्यांच्यासाठी तो उत्तम. चार पात्यांशिवाय पीसी-७ दिसणारच नाही असे आपल्याला वाटत असेल, आणि ते वाटणे मला पूर्ण मान्य आहे, तर २२ इंची, १० ते ११ पिचचा चार पात्यांचा प्रॉपेलर घ्या, आणि २७ इंची प्रॉपेलर प्रदर्शनात विमान उभे करण्यासाठी ठेवा. मात्र चार पात्यांची कमी पिचची चकती थ्रॉटल झटकन खाली घेतल्यावर मोठ्या ब्रेकसारखी वागते. शेपटीवरचा वारा अचानक कमी होतो, एलेव्हेटर (नाक वर-खाली करणारी शेपटीची झडप) मऊ पडतो आणि नाक खाली जाते. अशा प्रॉपेलरने जमिनीला टेकेपर्यंत दोन-तीन खाचा थ्रॉटल राखूनच उतरावे.

पट्टीचा विचारही इथेच करावा लागतो. मुरमाचे बारीक खडे प्रॉपेलरच्या टोकाजवळच्या भोवऱ्यात उचलले जातात आणि पात्यांची कड खातात, शिवाय काउलच्या (इंजिनावरच्या आवरणाच्या) तळाशी असलेल्या हवेच्या तोंडातून इंजिनाकडे जातात. नोजगिअरचा ओलिओ (पुढच्या चाकाचा धक्का शोषणारा दांडा) पूर्ण दाबून पाहा आणि त्या स्थितीत पात्याचे टोक जमिनीपासून किमान ८ सेंटीमीटर राहते का ते मोजा. २७ इंची प्रॉपेलर या एका कसोटीतच बाद होईल असे मला वाटते. इंजिनाच्या तोंडावर जाळी असावीच, आणि पूर्ण थ्रॉटलची चाचणी मुरमावर उभे राहून कधीही करू नये. खाली जाड रबरी चटई किंवा प्लायवूडचा तक्ता टाकावा.

आता इंजिनाचा आकार. १८ किलोच्या प्रशिक्षण विमानाला १५ ते १८ किलो थ्रस्ट पुरेसा आहे, आणि ५ ते ६ किलोवॅटचे इंजिन समुद्रसपाटीला तो सहज देते. परंतु नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर आहे. मे महिन्यात ४० अंश तापमानाला तिथली हवा प्रमाणित हवेपेक्षा सुमारे १४ टक्क्यांनी विरळ असते, आणि तापमानाच्या मर्यादेमुळे गॅस टर्बाइनच्या शक्तीतील घट त्याहूनही अधिक असू शकते. गंमत अशी की टॅकोमीटरवर हे जवळजवळ दिसतच नाही. इंजिनाची शक्ती घटते, तशी विरळ हवेत प्रॉपेलर फिरवायला लागणारी शक्तीही घटते, त्यामुळे आरपीएम हिवाळ्याइतकाच दिसतो. थ्रस्ट मात्र सहाव्या-सातव्या हिश्श्याने कमी झालेला असतो. त्यामुळे उन्हाळ्यात आरपीएमवर नव्हे, काट्यावर मोजलेल्या ओढीवर विश्वास ठेवावा. ही घट धरूनही आपल्याला १५ किलोच्या वर थ्रस्ट उरेल, म्हणून लहान इंजिन पुरेसे आहे असे माझे मत आहे.

१० किलोवॅटचे इंजिन घेतले तर इंजिनाचे वजन वाढते, इंधन वाढते, नाकाचा सांगाडा मजबूत करावा लागतो आणि बघता बघता १८ किलोंचे विमान २२-२३ किलोंवर जाते. ड्रोन नियम २०२१ नुसार मॉडेल विमान म्हणून गणले जाण्यासाठी एकूण वजन २५ किलोंपर्यंत असावे लागते, उड्डाण नजरेच्या टप्प्यात असावे लागते आणि हेतू मनोरंजन, शिक्षण किंवा संशोधनाचा असावा लागतो. त्या मर्यादेच्या इतके जवळ जाण्याचे कारण नाही. आपल्या परिसरात ओझरचा विमानतळ आणि देवळालीचा लष्करी भाग असल्याने डिजिटल स्काय या ड्रोनसाठीच्या सरकारी नकाशावर आपली पट्टी कोणत्या रंगाच्या क्षेत्रात येते हे इंजिन मागवण्यापूर्वी पाहून घ्या. मोठे इंजिन योग्य ठरेल ते ग्लायडर ओढणाऱ्या विमानात, किंवा २३ ते २५ किलोंच्या, आधीपासूनच वजनदार आराखड्याच्या मॉडेलमध्ये.

इंधनाबाबत थोडक्यात सांगतो. या वर्गातील टर्बाइन पूर्ण थ्रॉटलला मिनिटाला साधारण २०० ते २५० मिलिलिटर केरोसीन पिते, त्यामुळे दहा मिनिटांच्या उड्डाणासाठी दोन ते अडीच लिटरची टाकी लागते. ती टाकी गुरुत्वमध्यावरच बसवा, नाहीतर उतरताना दीड-दोन किलो इंधन संपल्याने विमानाचा तोल बदललेला असतो. केरोसीन स्वच्छ, बिनरंगी घ्या, टर्बाइन तेल उत्पादकाने सांगितलेल्या प्रमाणातच मिसळा, आणि भरताना गाळणी वापरा.

आतापर्यंतचे एकत्र मांडायचे तर पिच उतरण्याच्या वेगावरून ठरवावा, व्यास इंजिनाच्या आरपीएमच्या मर्यादेवरून आणि जमिनीपासूनच्या अंतरावरून ठरवावा, आणि इंजिन आपल्या पट्टीवरची उन्हाळ्यातली हवा धरून निवडावे. आपल्या बाबतीत हे तिन्ही निकष ५ ते ६ किलोवॅट आणि २२-२३ इंची, तीन पात्यांच्या प्रॉपेलरकडे बोट दाखवतात.

पहिल्या उड्डाणाआधी दोन मोजमापे अवश्य घ्या. विमानाची शेपटी सामान तोलायच्या हुकाच्या डिजिटल काट्याने खुंटाला बांधा आणि पूर्ण थ्रॉटलची व आयडलची ओढ नोंदवा. थ्रस्ट आरपीएमच्या वर्गाप्रमाणे बदलतो, म्हणून ६,३०० ला २० किलो देणारा प्रॉपेलर २,००० ला दोन किलोंच्या आसपास ओढेल. मुरमावर १८ किलोंचे विमान हलवायला साधारण एक किलो पुरतो, त्यामुळे आयडलला विमान उभे राहणारच नाही; मागच्या चाकांना ब्रेक हवेतच. हेही लक्षात ठेवा की उभ्या विमानाची आयडलची ओढ आणि ६० किमी वेगाने उतरतानाची ओढ या वेगळ्या गोष्टी आहेत. काट्यावर दोन किलो दिसले म्हणून घाबरून आयडल उत्पादकाच्या मर्यादेखाली आणू नका. दुसरे मोजमाप वेळेचे. आयडलपासून पूर्ण शक्तीपर्यंत पोहोचायला किती सेकंद लागतात ते घड्याळ लावून पाहा, आणि तेवढ्या सेकंदांत आपले विमान उतरताना किती मीटर खाली येते याचा हिशेब करा. त्या उंचीच्या खाली गेल्यावर गो-अराउंडचा (लँडिंग सोडून पुन्हा वर जाण्याचा) निर्णय घ्यायचा नाही, तो त्याच्या आधीच घ्यायचा.

चाचणीच्या वेळी टर्बाइनच्या आवाजाने माणसे एक्झॉस्टकडे पाहत राहतात आणि प्रॉपेलरकडे दुर्लक्ष करतात. थ्रॉटल बंद केल्यावरही तो बराच वेळ फिरत राहतो, आणि फिरताना दिसतही नाही. प्रॉपेलरच्या वर्तुळाच्या रेषेत कुणालाही उभे राहू देऊ नका, एकाने शेपटीजवळ आणि एकाने कार्बन डायऑक्साइडचे अग्निशामक घेऊन बाजूला थांबावे.

शेवटी, खर्च वाचवण्यासाठी आपण सुरुवातीला लाकडी प्रॉपेलर लावणार असाल तर हरकत नाही, तो हलका असल्याने गिअरबॉक्सला उलट सोयीचाच पडतो. मात्र आपल्याकडचे लाकूड पावसाळ्यात फुगते आणि दिवाळीनंतर कोरड्या हवेत आकसते. जून-जुलैमध्ये घट्ट बसवलेले बोल्ट नोव्हेंबरमध्ये सैल झालेले असतात, आणि बाहेरून काहीच फरक दिसत नाही. मी हंगामाच्या पहिल्या उड्डाणाआधी स्पिनर (प्रॉपेलरच्या मध्यावरचे टोकदार टोपण) काढतो, बोल्ट टॉर्क रेंचने समोरासमोरच्या जोड्यांत कसतो, प्रॉपेलर पुन्हा बॅलन्स करतो आणि हबच्या छिद्रांजवळ नखाने चाचपून बारीक चीर आहे का ते पाहतो. चीर लागली तर तो प्रॉपेलर मधोमध कापूनच टाकतो, म्हणजे तो पुन्हा कुणाच्या विमानावर चढत नाही.